पुड्यावर छापलेलं वजन पुड्यात उतरू द्या

मा. नियंत्रक, वैध मापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य
आणि कोल्हापूर जिल्ह्यात काम करणारे वैधमापन खात्याचे सर्व निरीक्षक यांना

स. न. वि. वि.

वजनाचं मोल कोल्हापूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की इथे घरोघरी काटामारीची, म्हणजे काट्यावर उसाचं वजन कमी दाखवण्याची, चर्चा होते. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढवण्याआधी ती बाहेरच्या खासगी काट्यावर तोलून घेणारे शेतकरी आमच्याकडे आहेत. शेतकरी संघटनांनी या प्रश्नावर रस्ता धरला, मोर्चे काढले, आणि त्यातूनच महसूल, पोलीस आणि आपल्या खात्याची माणसं एकत्र घेऊन साखर कारखान्यांचे काटे तपासणारी भरारी पथकं फिरू लागली. टनावारी तोललं जाणारं पीक आपलं आहे, त्याचा किलो न् किलो मिळाला पाहिजे, हे इथल्या माणसाच्या अंगात मुरलेलं आहे.

मात्र हाच माणूस संध्याकाळी दुकानातून दोनशे ग्रॅम चटणीचं पाकीट, अर्धा किलो पोहे आणि किलोभर डाळ घेऊन घरी जातो तेव्हा त्यातलं काहीही तोलून पाहत नाही. छापलंय म्हणजे असेलच, असं धरून चालतो. त्याच्या या विश्वासाचा गैरफायदा घेणारे आमच्या धंद्यात आहेत. त्यांना आळा घालणं आपल्या हातात आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

मी फुलेवाडी भागातल्या एका महिला बचत गटात काम करते. कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, भडंगाचा मसाला असा माल आम्ही तयार करतो, पाकिटात भरतो आणि शहरातल्या दुकानांना देतो. मी गिऱ्हाईक आहेच, पण पाकीट भरणारी बाईसुद्धा आहे. त्यामुळे वजन कुठे आणि कसं कमी होतं, हे मला दोन्ही बाजूंनी दिसतं.

आधी आमच्या खोलीत काय चालतं ते सांगते. कोल्हापुरी चटणी कोरडी भुकटी नसते. खोबरं, तीळ, कांदा, लसूण यांचं तेल सुटून ती ओलसर होते, गोळ्या धरते. त्यामुळे सुपड्यातून पाकिटात पडताना ती सारखी पडत नाही. कधी तीन-चार ग्रॅम जास्त पडते, कधी तेवढीच कमी. म्हणून रिकामं पाकीट काट्यावर ठेवायचं, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग भरायचं. भरताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर वाऱ्याने आकडा नाचत राहतो. बॅटरी उतरलेली असेल तर काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. सकाळी काम सुरू करण्याआधी आपल्या खात्याचं मुद्रांकन, म्हणजे तपासणीचा शिक्का, असलेलं दोनशे ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवून बघतो. दोनशेच्या पाकिटात आमचं माप दोनशे दोन, दोनशे तीनवर थांबतं. हे वरचे दोन-तीन ग्रॅम आमच्या पदरचे जातात, आणि गटातल्या बायका त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. दोनशे छापलंय तर दोनशे भरलं पाहिजे, एवढंच त्यांना माहीत आहे.

आता हाच माल भरणारा दुसरा माणूस काय करतो ते बघा. तो टेअरचं बटण दाबतच नाही. पाकिटासकट दोनशे ग्रॅम भरले की सील. जाड प्लॅस्टिकचं पाकीट आणि त्यावरचं लेबल मिळून जे काही ग्रॅम होतात, ते चटणीच्या भावाने विकले जातात. त्याहून हुशार असतो तो काट्याला हातच लावत नाही. भरायचं यंत्रच एकशे पंच्याण्णववर लावून ठेवतो. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: सरकारने सूट दिली आहे की!

ही सूट नेमकी काय आहे हे लोकांना कळलं पाहिजे. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांना जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत एका पाकिटामागे किती चूक चालेल याचं कोष्टक दिलं आहे. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ९ टक्के, शंभर ग्रॅमला साडेचार ग्रॅम, दोनशे ग्रॅमला ९ ग्रॅम, पाचशे ग्रॅमला १५ ग्रॅम आणि एक किलोलाही १५ ग्रॅम. यंत्र असो की माणसाचा हात, प्रत्येक पाकीट काटेकोर भरता येत नाही, हे मान्य करून ही मर्यादा ठरवली आहे, आणि ती योग्यच आहे. आमच्यासारख्या हाताने भरणाऱ्यांना तिचा आधार वाटतो. पण त्याच नियमांत दुसरी अट आहे आणि तिच्याबद्दल बोलायचं सगळे सोयीस्करपणे टाळतात. तपासणीसाठी काढलेल्या पाकिटांची सरासरी काढली तर ती छापलेल्या वजनापेक्षा कमी भरता कामा नये. म्हणजे एखादं पाकीट चार ग्रॅमने उणं निघालं तर दुसरं कुठलं तरी तेवढंच अधिक निघालं पाहिजे. सगळीच पाकिटं पाच-पाच ग्रॅमने उणी निघत असतील तर प्रत्येक पाकीट कोष्टकाच्या मर्यादेत बसूनही तो माल गुन्ह्याचाच आहे.

माझी सगळी तक्रार या एका जागी येऊन थांबते. सुटं पाकीट तोलून ही लबाडी सापडणारच नाही. दुकानात जाऊन निरीक्षकांनी एक पाकीट काट्यावर ठेवलं, एकशे पंच्याण्णव भरलं, नऊ ग्रॅमच्या आत आहे म्हणून सोडून दिलं, तर यंत्र एकशे पंच्याण्णववर लावणारा माणूस कधीच हाती लागणार नाही. त्याला पकडायचं तर एकाच घाण्यातली, एकाच बॅचची बरीच पाकिटं एकत्र तोलावी लागतील, आणि ती एकत्र सापडतात पॅकिंग होतं तिथेच. तिथे जाऊन नमुने काढायची तरतूद नियमांत आहे. ती वापरा, एवढं माझं मागणं आहे.

थोडा हिशेब मांडते. एखादा पॅकिंगवाला दिवसाला पाचशे ग्रॅमची हजार पाकिटं काढतो असं धरू. पाकिटामागे त्याने फक्त दहा ग्रॅम मारले. पंधराच्या सुटीत बसतात, म्हणजे एकेक पाकीट तोललं तर निर्दोष. दिवसाला दहा किलो माल वाचला. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीचशे किलो. चारशे रुपये किलोची चटणी असेल तर महिन्याला एक लाख रुपये, आणि त्यासाठी त्याने ना मिरची विकत घेतली, ना कुणाला मजुरी दिली. वैधमापनाचा २००९ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या ३६ व्या कलमात निव्वळ वजनातल्या फरकासाठी पहिल्या गुन्ह्याला १० हजार ते ५० हजार रुपये दंड आणि पुन्हा केल्यास एक लाखापर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद लिहिली होती. पहिल्या वेळचा सगळ्यात मोठा दंड बसला तरी त्याची पंधरा दिवसांची कमाई जाईल, एवढंच. तडजोड करून पैसे भरायचे आणि यंत्र होतं तिथेच ठेवायचं, हा हिशेब त्याला कुणी शिकवावा लागत नाही. दंडाची रक्कम वाढवणं संसदेचं काम आहे, ते आपल्याकडे मागत नाही. पण पुन:पुन्हा जाऊन तपासणं आपल्या हातात आहे. त्याच माणसाकडे तीन महिन्यांनी परत पथक गेलं, तर त्याचा हिशेब बिघडेल.

यात आमच्यासारख्यांचं काय होतं, तेही ऐका. आमचं आणि त्याचं पाकीट दुकानात शेजारी शेजारी टांगलेलं असतं. दोघांवर दोनशे ग्रॅमच छापलेलं. त्याचं दोन रुपयांनी स्वस्त. गिऱ्हाईक स्वस्त ते उचलतं आणि दुकानदार आम्हाला म्हणतो, ताई, तुम्ही भाव उतरवा. कशाच्या जोरावर उतरवायचा? गडी लावून दळलेली मिरची महाग, खोबरं महाग, पाकीट महाग. भाव उतरवायचा एकच रस्ता शिल्लक राहतो, तो म्हणजे पाच-दहा ग्रॅम कमी भरण्याचा. आमच्या ओळखीतले काही लहान पॅकिंगवाले त्या वाटेने गेले, पुष्कळांनी धंदाच सोडला. प्रामाणिक माणसाला बाजारातून उठवण्याची ताकद या पाच-दहा ग्रॅममध्ये आहे. ग्राहकाच्या नुकसानीबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. या बाजूने कुणी बोलत नाही, म्हणून मला लिहावं लागलं.

कोल्हापूरची आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात यावी अशी इच्छा आहे. अंबाबाईच्या दर्शनाला, जोतिबाला, पन्हाळ्याला राज्यभरातून माणसं येतात. महाद्वार रोडवर, मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, हायवेच्या ढाब्यांबाहेर ते चटणी, गूळ, काकवी, भडंग विकत घेतात. चपलेच्या खालोखाल कोल्हापूरची आठवण म्हणून याच वस्तू घरी जातात. नागपूरला किंवा नांदेडला घरी जाऊन एखाद्याने पाकीट तोललं आणि तीस ग्रॅम कमी निघाले, तर तो परत येऊन भांडणार नाही. हे विकणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. म्हणूनच असल्या मालात वजन मारायची भीती सगळ्यात कमी. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून इथल्या गुळाच्या व्यापाराने नाव कमावलं आहे. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, सौद्यात जातो तेव्हा त्याच्या वजनावर शेतकरी, अडत्या, व्यापारी अशा सगळ्यांची नजर असते. तोच गूळ फोडून, वड्या पाडून, पुठ्ठ्याच्या खोक्यात अर्धा किलो म्हणून भरला की खोकं आणि आतला कागद वजनात गेला का नाही, हे बघणारं कुणी उरत नाही. दिवाळीच्या आधी मिठाईच्या दुकानांत खोक्यासकट वजन करू नका म्हणून आपलं खातं दरवर्षी सांगत असतं, तपासण्याही होतात. त्याबद्दल आभार मानते. तीच मोहीम नवरात्राच्या आधी गुळाच्या, चटणीच्या आणि भडंगाच्या पॅकिंगवाल्यांकडे न्या, अशी विनंती आहे.

केरळातलं एक प्रकरण पुष्कळांनी वाचलं असेल. त्रिशूरच्या एका ग्राहकाने नावाजलेल्या कंपनीचे तीनशे ग्रॅमचे बिस्किटाचे पुडे घेतले. एकात २६८ ग्रॅम भरले, दुसऱ्यात त्याहूनही कमी. त्याने घरच्या काट्यावर न थांबता तिथल्या वैधमापन अधिकाऱ्यांकडून पुडे तोलून घेतले आणि ग्राहक आयोगात गेला. २०२४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. भरपाई आणि खर्च मिळून साठ हजार रुपये द्यायचा आदेश झाला. इतकंच करून आयोग थांबला नाही, तर राज्याच्या वैधमापन नियंत्रकांनी राज्यभर पुड्यांचं निव्वळ वजन तपासावं असंही त्याने सांगितलं. या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते अधिकाऱ्यांनी केलेलं वजन. गिऱ्हाईक स्वत: कितीही ओरडलं तरी समोरचा म्हणणार, तुमचा काटा चुकीचा. खात्याच्या माणसाने तोलून कागदावर लिहून दिलं की तोंड बंद होतं. असं पाकीट घेऊन कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी आलं, तर त्याला ते तोलून त्याच दिवशी लेखी मिळेल अशी सोय करावी. पाकीट फोडायचं नाही, बिल जोडायचं, बॅच नंबर टिपायचा, एवढं गिऱ्हाइकाला शिकवलं तरी पुष्कळ काम होईल. लोकांना यातलं काही ठाऊक नसतं. पुष्कळ जण वजनाची तक्रार घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या दारात जातात, तिथे त्यांना सांगितलं जातं की हे आमच्याकडे नाही, आणि माणूस तिथूनच घरी परततो. मालाची भेसळ आणि शुद्धता त्यांच्याकडे, वजन आपल्याकडे, हे दुकानादुकानात लिहून लावायला फार खर्च येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही त्याच्याखाली येऊ द्या.

दुकानाबद्दल बोलतेच आहे तर एक नियम आपल्यासमोर ठेवते. तो आपल्याला माहीत आहे, पण कोल्हापुरातल्या शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना माहीत नसणार. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांतल्या १८ व्या नियमात म्हटलं आहे की, कराची नोंदणी असलेल्या आणि वजनावर माल विकणाऱ्या किरकोळ दुकानदाराने आपल्या दुकानात सहज दिसेल अशा जागी छापील पावती देणारा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवावा, आणि गिऱ्हाइकाने घेतलेलं पाकीट त्यावर फुकट तोलून बघू द्यावं. असा काटा आपण कुठल्या मोठ्या दुकानात पाहिला आहे का? भाजी तोलायचा काटा असतो, तो कामगाराच्या ताब्यात असतो. पाकीट तोलायला गेलं तर "अहो, त्याच्यावर वजन छापलंय की" असं उत्तर मिळतं आणि मागचं गिऱ्हाईक रांगेत चुळबुळ करायला लागतं.

हा एक नियम कडकपणे पाळला गेला तर आपल्या निरीक्षकांचं निम्मं काम गिऱ्हाईकच करतील. मॉल, डिपार्टमेंटल स्टोअर, लक्ष्मीपुरीतली आणि राजारामपुरीतली मोठी दुकानं यांच्यापासून सुरुवात करता येईल. काट्यावर मराठीत पाटी लावायची: इथे आपलं पाकीट स्वत: तोलून बघा, पैसे पडत नाहीत. आठवडाभरात दुकानदारच उण्या वजनाचा माल ठेवायला नकार देऊ लागतील, कारण आपल्या गल्ल्यासमोर रोज उठून कुणी वाद घालावा असं कुठल्या दुकानदाराला वाटेल?

दुकानदारांवर मात्र अन्याय होऊ नये. पुष्कळदा कारवाईची बातमी येते ती दुकानावर छापा पडल्याची. दुकानदाराने पाकीट भरलेलं नसतं, फोडलेलं नसतं. आलं तसं टांगलेलं असतं. सीलबंद पाकीट उणं निघालं तर त्याचा माग पाकिटावरच्या पत्त्यापर्यंत गेला पाहिजे. नियमांनी पाकिटावर उत्पादक किंवा पॅकर यांचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रार कुठे करायची हे सगळं छापायला लावलं आहे ते यासाठीच. पत्ता इचलकरंजीचा असेल तर इचलकरंजीला जा, शिरोली एमआयडीसीचा असेल तर तिथे जा, कर्नाटकातला असेल तर तिथल्या खात्याला कळवा. ज्या पाकिटावर पत्ताच नाही ते बाजारातून उचला. फक्त दुकानात दंड करून विषय संपवला तर भरणाऱ्याच्या यंत्राचा आकडा एका ग्रॅमनेही हलणार नाही.

लेबलच्या चुका शोधणं सोपं असतं, हे मला कळतं. अक्षराची उंची कमी आहे, महिना छापायचा राहिला, प्रति ग्रॅम किंमत लिहिली नाही, हे लांबूनही दिसतं. वजन शोधायला काटा लावावा लागतो, पाकिटं फोडावी लागतात, रिकामी पिशवी वेगळी तोलावी लागते, बसून आकडे मांडावे लागतात. एका निरीक्षकाकडे पेट्रोल पंप, दुकानांचे काटे, बाजार समिती, रेशन दुकान, साखर कारखाना असं सगळं असताना हे काम मागे पडतं. पण लेबल हा वजनाचा साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या कपड्यांवरून त्याला दंड करायचा आणि तो खरं बोलतोय का हे विचारायचंच नाही, असं व्हायला नको. एखाद्या बचत गटाच्या लेबलवर अक्षर लहान पडलं तर त्यांना सुधारायला सांगा, ते सुधारतील. वजन मारणाऱ्याला ती सवलत नको.

वजन कमी करून ते कमी केलेलं वजनच छापणारे, म्हणजे दहा रुपयांचा पुडा दहाच रुपयांना ठेवून आतला माल घटवणारे, यांची गोष्ट वेगळी आहे. चहा, बिस्किटं, मीठ, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक वजनाच्याच पाकिटात विकायची पूर्वीची सक्ती २०२२ मध्ये निघाली, आणि आता कुणी किती ग्रॅमचं पाकीट काढावं याला बंधन नाही. मला ते पटलेलं नाही. पण छापलेलं खरं असेल तर तो गुन्हा म्हणता येणार नाही. त्याच्या बदल्यात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापायची सक्ती आली, ती चांगली झाली. वाचणाऱ्याला निदान तुलना करता येते. मात्र आतलं वजनच उणं असेल तर ही प्रति ग्रॅम किंमतही खोटी ठरते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात दिलेलं नवं साधनसुद्धा त्याच्याविरुद्धच वापरलं जातं. म्हणून म्हणते, सगळ्याचं मूळ त्या एका आकड्यात आहे.

मोठ्या पोत्यांबद्दलही एक वाक्य लिहिते. २०२२ च्या जुलैमध्ये पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर जीएसटी लागला आणि लगोलग बाजारात सव्वीस किलोची पोती दिसू लागली. नियमाची रेघ कुठे आहे हे भरणाऱ्याला किती चटकन कळतं, हे यावरून समजून घ्या. तपासणाऱ्याने त्याच्या एक पाऊल पुढे असायला हवं.

आता निकाल जाहीर करण्याबद्दल. मोहीम झाल्यावर पेपरात बातमी येते की इतक्या ठिकाणी तपासणी, इतक्या केसेस, इतका दंड वसूल. कुणाचा माल, कुठली बॅच, किती ग्रॅम उणं, हे त्यात नसतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला उद्या काय घ्यायचं आणि काय नाही, हे त्या बातमीतून कळत नाही, आणि प्रामाणिक माल करणाऱ्यालाही त्याचा फायदा होत नाही. ज्या बॅचवरची केस पूर्ण झाली, दंड भरला गेला, तिचं नाव, वजन आणि निघालेली सरासरी आपल्या कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. ज्यांचा माल बरोबर निघाला त्यांचीही यादी तिथेच द्या. पॅकिंगवाल्याला दंडापेक्षा या यादीची धास्ती जास्त वाटेल, हे मी धंद्यातली म्हणून सांगते. दुकानदार ती यादी वाचतो. घाऊकवाला तर आधी वाचतो.

आणि शिकवायचं कामही हाती घ्या. तालुक्यातालुक्यात बचत गट आहेत, पापड, लोणची, मसाले, चिवडा भरतात. त्यातल्या कित्येक बायकांना टेअरचं बटण काय करतं हे कुणी दाखवलेलं नसतं. काट्याचं दर वर्षी मुद्रांकन करून घ्यायचं असतं, हे माहीत असतं; पण काटा पास झाला म्हणून पाकीट बरोबर भरलं जातंच असं नाही, हे समजावून सांगितलेलं नसतं. मुद्रांकनाच्या शिबिरातच अर्धा तास काढून, पंचवीस-तीस पाकिटं तोलून सरासरी कशी काढायची हे आपल्या निरीक्षकांनी करून दाखवलं, तर अजाणतेपणी होणाऱ्या चुका संपतील आणि जाणूनबुजून करणाऱ्याला अज्ञानाची सबब उरणार नाही. आम्ही जागा देऊ, बायका गोळा करू.

साखर कारखान्यांच्या काट्यांसाठी जशी पथकं नेमली जातात, तसं कोल्हापुरासाठी पुड्यांचं एक पथक नवरात्राआधी नेमा. त्यात आपले निरीक्षक असावेत, ग्राहक चळवळीत काम करणारा एक माणूस असावा आणि एखादा पॅकिंगच्या धंद्यातला जाणकारही असावा, म्हणजे यंत्र कुठल्या आकड्यावर लावलंय हे पटकन कळेल. पथक न सांगता पॅकिंगच्या जागी जावं. भरून ठेवलेल्या बॅचमधून स्वत:च्या हाताने नमुने काढावेत, मालकाने काढून दिलेले घेऊ नयेत. रिकामी पाकिटं वेगळी तोलावीत. आकडे तिथेच लिहून मालकाची सही घ्यावी. आमच्या गटाचं नाव त्या यादीत पहिल्या दिवशीच घाला. आमची खोली सकाळी दहाला उघडते, संध्याकाळी सहाला बंद होते. या वेळेत कधीही या, आधी कळवायची गरज नाही.

या पत्राची प्रत जिल्हाधिकारी आणि जिल्हा पुरवठा अधिकारी यांनाही देत आहे. उत्तर लेखी आलं तर ते आमच्याकडून माल घेणाऱ्या प्रत्येक दुकानात लावू.

आपली,
फुलेवाडी, कोल्हापूर येथील महिला बचत गटाची एक सभासद